आरोग्य-व्यवसाय शिक्षणाचं जर्नल वाढतं कसं?

परिचारिकेला शिरेत सुई घालायला शिकवायचं, तर आधी पुतळ्यावर किती वेळा सराव करून घ्यायचा? एकाच विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं ७२ आणि दुसऱ्यानं ५५ गुण दिले, तर त्यातला खरा आकडा कोणता? परवाना परीक्षेतला एखादा प्रश्न हुशार विद्यार्थी चुकतात आणि कच्चे विद्यार्थी बरोबर सोडवतात, तेव्हा चूक कोणाची, विद्यार्थ्यांची की प्रश्नाची? असे प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आहे: आरोग्य-व्यवसाय शिक्षण. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते, लॅब तंत्रज्ञ ही माणसं कशी घडवायची आणि ती तयार झाली आहेत हे कसं तपासायचं, हा तिचा विषय. लोकांना हात धुवायला किंवा लसीचं महत्त्व पटवायला जे शिकवतात ते आरोग्यशिक्षण वेगळं. दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून अनेक लेखक चुकीच्या दारात जातात आणि त्यांचा लेख पहिल्याच दिवशी साभार परत येतो.

या शाखेची जर्नल्स फार जुनी नाहीत. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसनं १९२६ मध्ये एक पत्रक काढलं. १९५१ मध्ये त्याचं ‘जर्नल ऑफ मेडिकल एज्युकेशन’ झालं आणि १९८९ मध्ये ‘अकॅडेमिक मेडिसिन’. ब्रिटनमध्ये १९६६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ मेडिकल एज्युकेशन’ सुरू झालं. दहा वर्षांनी त्यानं नावातला ‘ब्रिटिश’ काढून टाकला आणि ते नुसतं ‘मेडिकल एज्युकेशन’ उरलं. ओएससीई, म्हणजे घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे जायचं ती प्रात्यक्षिक परीक्षा, जगासमोर मांडणारे रोनाल्ड हार्डन यांनी १९७९ मध्ये ‘मेडिकल टीचर’ सुरू केलं. १९९६ मध्ये ‘ॲडव्हान्सेस इन हेल्थ सायन्सेस एज्युकेशन’ आलं, २००१ मध्ये सर्वांना मोफत वाचता येणारं ‘बीएमसी मेडिकल एज्युकेशन’. २००४ मध्ये दक्षिण कोरियात परवाना परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल इव्हॅल्युएशन फॉर हेल्थ प्रोफेशन्स’ काढलं. नेदरलँड्समधलं डच भाषेतलं वैद्यकीय शिक्षणाचं नियतकालिक २०१२ पासून इंग्रजीत ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन मेडिकल एज्युकेशन’ म्हणून निघू लागलं.

या यादीतली नावं बघितली तरी वाढीच्या दोन वाटा दिसतात. एक वाट नावातून देशाची किंवा भाषेची सीमा काढून वाचक वाढवण्याची. दुसरी त्याच्या उलट, विषय घट्ट आवळून धरण्याची. कोरियातल्या जर्नलनं ‘मूल्यमापन’ हा शब्द नावातच घेतला, कारण मागे उभी असलेली संस्था परीक्षा घेणारी होती. तिच्या रोजच्या कामातूनच शोधनिबंधांचे विषय निघत होते: प्रश्नपेढी, उत्तीर्णतेची रेषा कुठे आखायची, संगणकावरची परीक्षा. नव्या जर्नलसाठी दुसरी वाट जास्त सुरक्षित असते, असं आमचं ठाम मत आहे. ‘आरोग्यविज्ञान शिक्षणाच्या सर्व पैलूंवरील लेखन स्वीकारले जाईल’ असं लिहिणाऱ्या जर्नलला लेखक शेवटचा पर्याय म्हणून धरतात. बाकी सगळीकडून परत आलेले लेख मग तिथे जमा होतात. उलट एका प्रश्नाचं घर म्हणून ओळख झाली, की त्या प्रश्नावर काम करणारी शंभर-दोनशे माणसं आधी तिथेच बघतात.

पहिला अंक निघण्याआधी

पहिलं वर्ष कागदपत्रांचं असतं. ते कंटाळवाणं आहे, पण इथे राहिलेली फट पाच वर्षांनी इंडेक्सिंगच्या, म्हणजे जर्नलला मान्यताप्राप्त सूचींत जागा मिळवण्याच्या, अर्जात उघडी पडते.

आयएसएसएन हा आठ खुणांचा क्रमांक जर्नलची ओळख. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला तो वेगवेगळा मिळतो. नाव बदललं तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि नेमकं हेच विसरल्यामुळे जुने संदर्भ एका नावावर आणि नवे दुसऱ्या नावावर विखुरतात. या क्रमांकातला शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. वर सांगितलेल्या कोरियन जर्नलचा क्रमांक १९७५-५९३७ असा आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं: ८, ६३, ४२, २५, २०, २७, ६. बेरीज १९१. तिला ११ नं भागलं की बाकी ४ उरते, आणि ११ मधून ४ वजा केले की ७. शेवटचा अंक ७ च आहे, म्हणजे क्रमांक बरोबर. उत्तर १० आलं तर तिथे रोमन लिपीतलं ‘एक्स’ लिहितात. टंकताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर ही बेरीज लगेच सांगते.

दुसरी गोष्ट डीओआय. प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता मिळतो तो हा. क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेचं सभासद झालं की जर्नलला ‘१०.’ पासून सुरू होणारा उपसर्ग मिळतो आणि त्यापुढचा भाग आपण ठरवायचा. तो छोटा आणि निरर्थक ठेवावा, म्हणजे वर्ष आणि लेखाचा अनुक्रमांक एवढंच. काही जण त्यात खंड, अंक, पृष्ठ सगळं कोंबतात. मग लेख दुसऱ्या अंकात हलवला की डीओआय खोटं बोलू लागतो, आणि एकदा दिलेला डीओआय बदलता येत नाही.

लेख स्वीकारणं, समीक्षकांना (छापण्याआधी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना) पाठवणं, निर्णय कळवणं यासाठी ओपन जर्नल सिस्टिम्स हे मोफत सॉफ्टवेअर २००१ पासून उपलब्ध आहे. ते बसवायला एक माहीतगार माणूस आणि दोन-तीन दिवस पुरतात. अडतं ते नंतर, जेव्हा संपादक ईमेलवरच व्यवहार करत राहतात आणि सॉफ्टवेअरमध्ये नोंद होत नाही. तीन वर्षांनी ‘या लेखाची समीक्षा कोणी, कधी केली?’ असं विचारलं तर उत्तर कोणाच्या तरी वैयक्तिक इनबॉक्समध्ये अडकलेलं असतं. म्हणून पहिल्या लेखापासून सगळं सॉफ्टवेअरमधूनच करावं, लेखक शेजारच्या खोलीत बसत असला तरी.

संपादक मंडळाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. चाळीस मोठी नावं आणि काम करणारे दोघं, ही रचना सगळ्यात जास्त आढळते आणि ती टिकत नाही. मुख्य संपादक, त्याच्याखाली चार-पाच सहसंपादक (एक संख्याशास्त्र जाणणारा, एक गुणात्मक संशोधन जाणणारा, बाकी वेगवेगळ्या व्यवसायांतले) आणि पूर्णवेळ नसला तरी पगारी असा एक व्यवस्थापकीय सहायक, एवढ्यावर जर्नल नीट चालतं. सगळे सहसंपादक डॉक्टरच असतील तर परिचर्या किंवा फिजिओथेरपीतला लेख आला की त्याला योग्य समीक्षक मिळत नाही, कारण त्या वर्तुळात ओळखीच नसतात. मंडळातले सगळे एकाच संस्थेचे असतील तर ते इंडेक्सिंग करणाऱ्यांच्या नजरेत लगेच भरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा दुष्काळ

पहिला अंक उत्साहात निघतो. ओळखीच्या लोकांना गळ घालून लेख मिळवलेले असतात. दुसराही निघतो. पाचव्या-सहाव्या अंकाच्या सुमारास ओळखी संपतात आणि हातात तीन लेख उरतात. जर्नल बंद पडतं ते बहुतेक इथेच.

कारण साधं आहे. ज्या जर्नलमध्ये लेख आल्यानं नोकरीत किंवा बढतीत फायदा होत नाही तिथे लेखक येत नाहीत. इंडेक्सिंग मिळालं तर फायदा होईल. इंडेक्सिंगसाठी सलग दोन-तीन वर्षं वेळेवर अंक काढावे लागतात आणि त्यासाठी लेख लागतात. गाडं इथे रुतून बसतं.

यातून सुटायचा चुकीचा मार्ग म्हणजे दर्जा सैल करणं किंवा दोन अंक जोडून काढणं. जोडअंक एकदा काढला की पुढच्या वेळी हात आपोआप तिकडेच वळतो, आणि ‘नियमितता’ या निकषावर जर्नल नापास होतं. बरा मार्ग असा: वर्षाला चार अंक जाहीर करण्याऐवजी दोन जाहीर करावेत आणि ते ठरलेल्या तारखेला काढावेत. त्याहून चांगलं म्हणजे अंकाची वाट न बघता लेख तयार झाला की तो प्रसिद्ध करायचा आणि पृष्ठक्रमांकाऐवजी लेखक्रमांक द्यायचा. या शाखेतली अनेक ऑनलाइन जर्नल्स असंच करतात. यामुळे चांगला लेख सहा महिने रांगेत अडकून पडत नाही आणि लेखकही खूश राहतो.

लेख मिळवण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत. परिषदांमध्ये वाचलेल्या शोधसारांशांपैकी बहुतेकांचा पूर्ण लेख कधीच होत नाही. सहसंपादकानं परिषदेला जावं, दहा चांगली पोस्टर्स निवडावीत आणि त्या लेखकांशी लेखाच्या आराखड्यावर बोलावं. दहातले दोन-तीन लेख सहा महिन्यांत येतात. पदव्युत्तर प्रबंधांचंही तसंच. लेखांचे प्रकार नीट आखले तरी बराच फरक पडतो: पूर्ण शोधनिबंध, १५०० शब्दांची छोटी नोंद, पद्धती समजावणारा लेख, साहित्याचा आढावा. पद्धती समजावणारे लेख सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी. ‘उत्तीर्णतेची रेषा अँगॉफ पद्धतीनं कशी ठरवायची’ असा टप्प्याटप्प्यानं समजावलेला लेख शिक्षक दहा वर्षं वाचतात आणि संदर्भात देतात.

समीक्षेचं गणित

समीक्षक हीच जर्नलची खरी पुंजी. वर्षाला १२० लेख येतात असं धरू. त्यांतले ६० संपादकाच्या टेबलावरूनच परत जातात. उरलेल्या ६० ना प्रत्येकी दोन समीक्षक हवेत, म्हणजे १२० समीक्षा. विनंती केलेल्या तिघांपैकी एक जण होकार देतो असं मानलं, तर ३६० विनंत्या पाठवाव्या लागतील. एका माणसाला वर्षात तीनपेक्षा जास्त विनंत्या करायच्या नाहीत असा नियम पाळला, तरी कमीत कमी १२० जणांची जिवंत यादी हवी. ती नसेल तर त्याच पंधरा भल्या माणसांना पुन्हापुन्हा त्रास दिला जातो, ती थकतात आणि दोन वर्षांत उत्तर देणं बंद करतात.

यादी वाढवायचा हमखास स्रोत म्हणजे ज्यांचे लेख छापले ते लेखक. त्यांना विषय माहीत असतो, जर्नलबद्दल आपुलकी असते. तरुण समीक्षकाला अनुभवी समीक्षकाबरोबर जोडीनं द्यावं आणि दोघांचे अभिप्राय एकमेकांना दाखवावेत. नुसत्या कार्यशाळेत सांगून जे येत नाही ते अशा चार समीक्षांत येतं.

वेळापत्रकही लिहून ठेवलेलं असावं: टेबलावरचा निर्णय दहा दिवसांत, समीक्षेला तीन आठवडे, पहिली आठवण चौदाव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी समीक्षा आली नाही तर दुसऱ्याला विनंती गेलीच पाहिजे. इथे संकोच करणारे संपादक लेखकाचे चार महिने घालवतात.

टेबलावरून परत पाठवायचा लेख लवकर आणि कारणासह परत पाठवणं हे लेखकावर उपकार करण्यासारखं आहे. ‘लेख आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढंच लिहिलं तर लेखक काहीच शिकत नाही. दोन ओळी जास्त लिहाव्यात.

एक नेहमीचा लेख जवळून बघू

या शाखेत सर्वाधिक येणारा लेख असा असतो. शिक्षकानं एक नवी पद्धत वापरली, समजा व्याख्यानाऐवजी छोट्या गटात रुग्णकथा सोडवणं. आधी एक चाचणी, मग चार आठवडे नवी पद्धत, मग पुन्हा चाचणी. ८० विद्यार्थी. सरासरी गुण ११ वरून १६ झाले, फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक. शेवटी प्रश्नावली, आणि ९० टक्के विद्यार्थ्यांना पद्धत ‘आवडली’.

मेहनत खरी आहे, पण लेखातून काय सिद्ध झालं? चार आठवडे कुठल्याही पद्धतीनं शिकवलं असतं तरी गुण वाढलेच असते. तुलनेला दुसरा गट नाही. दोन्ही वेळा तीच चाचणी दिली असेल तर काही वाढ निव्वळ प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे. चाचणीतले प्रश्न कोणी तपासले, त्यांची विश्वसनीयता किती, याचा उल्लेख नाही. आणि ‘आवडलं’ हे प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या चार पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवरचं उत्तर आहे. वरच्या पायऱ्या म्हणजे शिकले का, वागणुकीत उतरलं का, रुग्णाला फायदा झाला का.

चांगला संपादक हा लेख लगेच फेकत नाही. सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांची कौशल्याची परीक्षा झाली असेल तर ते गुण मिळतील का, आधीच्या वर्षीच्या तुकडीचे गुण तुलनेला घेता येतील का, हे तो विचारतो. कधी कधी दुरुस्त करता येतं. एक गोष्ट मात्र मागून दुरुस्त करता येत नाही, ती म्हणजे नीतिशास्त्र समितीची परवानगी. ‘हे तर माझेच विद्यार्थी, रोजचंच शिकवणं, परवानगी कशाला?’ असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. पण ज्याच्या हातात गुण आहेत त्यानं ‘अभ्यासात भाग घेतोस का?’ असं विचारलं, तर विद्यार्थ्याच्या ‘हो’ला किती अर्थ उरतो? म्हणून परवानगी किंवा सूट दिल्याचं पत्र अभ्यास सुरू होण्याआधीचं हवं, आणि संमती शक्यतो त्या विद्यार्थ्यांना गुण न देणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीनं घ्यावी. ही ओळ लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये सगळ्यात वर असावी.

लेखनाच्या मार्गदर्शक याद्याही मदतीला आहेत. मुलाखती आणि गटचर्चांसाठी ३२ मुद्द्यांची कोरेक, एकूण गुणात्मक संशोधनासाठी २१ मुद्द्यांची एसआरक्यूआर, ऑनलाइन सर्वेक्षणांसाठी चेरीज. लेखाबरोबर भरलेली यादी मागितली, की समीक्षकाचा निम्मा त्रास वाचतो. ती यादी कोणी वाचणारच नसेल तर मात्र मागू नये. ‘पान क्रमांक ४’ असं सगळ्या चौकटींत लिहून लेखक मोकळे होतात.

यंत्राला वाचता येईल असा लेख

पीडीएफ माणसासाठी. यंत्राला हवा असतो एक्सएमएल, आणि विद्वत्तापूर्ण लेखांसाठी त्याचा सर्वमान्य साचा म्हणजे जॅट्स. यात लेखाच्या प्रत्येक तुकड्याला खूण असते: हे आडनाव, हे नाव, ही संस्था, ही स्वीकृतीची तारीख, हा संदर्भ, हे त्या संदर्भाचं वर्ष. पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत ऑनलाइन भांडारात जायचं तर हे लागतंच.

गडबड अगदी बारीक जागी होते. संदर्भाच्या शेवटचा पूर्णविराम डीओआयला चिकटून खुणेच्या आत जातो आणि दुवा तुटतो. ज्यांच्या भाषेत आडनाव आधी लिहितात त्यांचं नाव आणि आडनाव अदलाबदल होतं आणि तो लेखक शोधात सापडेनासा होतो. तक्ता चित्र म्हणून चिकटवला की त्यातले आकडे यंत्राला दिसतच नाहीत. शब्दांत ‘तक्ता ३’ असं आहे, पण फाइलमध्ये तक्ते दोनच. यातली एक चूक लेखकाला कदाचित जाणवणारही नाही. पण संदर्भातला डीओआय तुटला तर त्या संदर्भाची नोंद दुसऱ्या लेखकाच्या खात्यात पडत नाही, आणि आपल्याच जर्नलला मिळालेले संदर्भ असेच दुसऱ्यांच्या चुकांमुळे हरवत असतात. म्हणून प्रसिद्धीआधी फाइल तपासणी-प्रणालीतून काढायची, आणि नंतर एका माणसानं पीडीएफ व एक्सएमएल शेजारी ठेवून लेखकांची नावं, संस्था, तारखा आणि तक्ते डोळ्यांनी ताडून बघायचे. एका लेखाला चाळीस मिनिटं लागतात. ती द्यावीत.

इंडेक्सिंगच्या पायऱ्या

क्रम महत्त्वाचा आहे. घाईनं वरच्या दारावर थाप मारली आणि नकार मिळाला, तर पुन्हा अर्ज करायला बराच काळ थांबावं लागतं.

पहिली पायरी बहुधा डीओएजे, मुक्त जर्नल्सची निर्देशिका, २००३ पासून चालू. तिथे नव्या जर्नलचा एक वर्षाहून जास्त प्रकाशनाचा इतिहास किंवा किमान दहा शोधनिबंध बघतात, आणि पुढे वर्षाला निदान पाच तरी हवेत. संपादक, मंडळाचे सदस्य किंवा समीक्षक स्वतःच लेखक आहेत अशा लेखांचं प्रमाण एका अंकात २५ टक्क्यांच्या वर गेलं की अर्ज अडतो. छोट्या जर्नलचा पाय नेमका इथेच घसरतो, कारण दुष्काळात मंडळींनीच लिहून अंक भरलेले असतात.

पबमेड सेंट्रल आधी शास्त्रीय दर्जा बघतं, मग एक्सएमएल फाइल्सची तांत्रिक परीक्षा घेतं. दोन्ही वेगवेगळ्या आहेत. दर्जात पास होऊन तांत्रिक बाबीत महिनोन्महिने अडकलेली जर्नल्स असतात. मेडलाइन, म्हणजे निवडक वैद्यकीय जर्नल्सची सूची, त्याहून वेगळं. पबमेड दोन्हींतले लेख शोधून दाखवतं, म्हणून ‘पबमेडमध्ये दिसतं’ म्हणजे ‘मेडलाइनमध्ये आहे’ असं नाही, हे लेखकांना आणि कधी कधी संपादकांनाही माहीत नसतं. मेडलाइनसाठी तज्ज्ञांची समिती जर्नल निवडते.

स्कोपस या संदर्भसूचीसाठी निदान दोन वर्षांचा इतिहास लागतो, आणि धोरण, मजकूर, प्रतिष्ठा, नियमितता, ऑनलाइन उपलब्धता अशा पाच गटांत ते जर्नल तपासतात. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या संदर्भसूचीचे २८ निकष आहेत: २४ दर्जाचे आणि ४ प्रभावाचे. दर्जाचे पार केले की ईएससीआय या २०१५ मध्ये सुरू झालेल्या सूचीत जागा मिळते. पूर्वी तिथल्या जर्नल्सना इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले ते सांगणारा आकडा, मिळत नसे. २०२३ पासून मिळतो. छोट्या जर्नल्सच्या आयुष्यात हा बदल मोठा होता, कारण वर्षानुवर्षं चांगलं काम करूनही ज्यांच्याकडे दाखवायला आकडा नव्हता त्यांना तो एकदम मिळाला.

त्या आकड्यात असतं काय

समजा एका जर्नलनं २०२३ मध्ये २५ आणि २०२४ मध्ये २७ लेख छापले. एकूण ५२. त्या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२५ मध्ये १३० वेळा संदर्भात घेतलं गेलं. १३० भागिले ५२, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर २.५.

आता त्या १३० पैकी ६० संदर्भ एकाच आढावा-लेखाला मिळाले असतील, तर उरलेल्या ५१ लेखांना मिळून ७०. म्हणजे त्यांची सरासरी १.४ च्या आसपास. दोन वर्षांची खिडकी पुढे सरकली की तो आढावा-लेख हिशेबातून बाहेर पडतो आणि आकडा धाडकन उतरतो. जर्नलचं काही बिघडलेलं नसतं. २०२० नंतर ऑनलाइन शिकवण्यावरच्या लेखांनी या शाखेत असे चढउतार बरेच घडवले. पुढेमागे कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखांचंही तेच होणार.

दुसरी खोच अशी: वर (अंशात) मोजताना संपादकीयं आणि पत्रांना मिळालेले संदर्भही धरले जातात, खाली (छेदात) मोजताना मात्र फक्त शोधनिबंध आणि आढावे धरतात. याचा गैरफायदा घेऊन संपादकीयात स्वतःच्याच जर्नलचे वीस लेख उद्धृत करणं, किंवा ‘आमच्या जर्नलमधले पाच संदर्भ घाला’ असं लेखकाला सांगणं, हे प्रकार घडतात. हा लेखकावरचा अन्याय आहे. स्वतःच्याच संदर्भांचं प्रमाण अवाजवी वाढलेल्या जर्नलचा आकडा रोखून ठेवला जातो.

वाढीच्या भरात लेखांची संख्या एकदम दुप्पट केली की छेद लगेच वाढतो, संदर्भ मात्र हळूहळू येतात. शिक्षणातल्या अभ्यासाला वर्ष-दोन वर्षं लागतातच, त्यामुळे या शाखेत ही दिरंगाई जास्त जाणवते. वर्षाला २५ वरून ३०, मग ३६, अशी चढण बरी. आणि निव्वळ संदर्भ मिळतील म्हणून आढावा-लेखांनी अंक भरले, तर परीक्षेच्या प्रश्नांवर, कौशल्यप्रयोगशाळेवर, गुण देण्याच्या पद्धतीवर स्वतः आकडे गोळा करणारा शिक्षक त्या जर्नलपासून दूर जातो. जर्नल त्याच्यासाठीच तर काढलेलं असतं.

पैसा आणि चाव्या

मोफत वाचायला मिळणाऱ्या जर्नललाही खर्च असतो: सहायकाचं मानधन, भाषासंपादन, एक्सएमएल करून घेणं, डीओआयची फी, सर्व्हर. तो लेखकाकडून घ्यायचा, की पाठीशी उभ्या असलेल्या संस्थेनं उचलायचा? या शाखेत पाठीशी बऱ्याचदा परीक्षा मंडळं, विद्यापीठं, शिक्षकांच्या संघटना असतात आणि लेखकांकडे संशोधन अनुदान क्वचितच असतं. म्हणून संस्थेनं खर्च उचलणं इथे जास्त योग्य ठरतं. मात्र पाच वर्षांची लेखी तरतूद आणि संपादकीय निर्णयात संस्थेचा हस्तक्षेप नसेल असं लेखी पत्र, दोन्ही घ्यावं. अध्यक्षांचा लेख परत पाठवायची वेळ येते तेव्हा ते पत्रच उपयोगी पडतं.

शेवटी चाव्यांचा प्रश्न. २००० ते २०१९ या काळात १७० हून अधिक मुक्त जर्नल्स इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं संशोधकांनी शोधून काढलं आहे. त्यांतले बरेच लेख आता सापडत नाहीत, कारण त्यांची प्रत कोणत्याही कायमस्वरूपी साठवणीत नव्हती. लॉक्स आणि क्लॉक्स या डिजिटल जतनसेवा, पीकेपीचं (ओपन जर्नल सिस्टिम्स बनवणाऱ्या गटाचं) जतन-जाळं किंवा पबमेड सेंट्रल यांपैकी निदान एका ठिकाणी प्रत जात असलीच पाहिजे, आणि ती खरंच पोचते का हे वर्षातून एकदा उघडून बघितलं पाहिजे. संपादक बदलताना पुढच्याच्या हाती एक पानाची यादी द्यावी: संकेतस्थळाचं नाव कोणाच्या नावावर नोंदलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, क्रॉसरेफचं खातं, आयएसएसएनच्या नोंदीतला संपर्क, सर्व्हरचा पासवर्ड, जतनसेवेचा करार, समीक्षकांची यादी. संकेतस्थळाचं नाव जुन्या संपादकाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल आणि मुदतवाढीचं पत्र तिथेच पडून राहिलं, तर एका सकाळी ते नाव दुसरंच कोणी विकत घेतं आणि त्याच नावाखाली पैसे घेऊन खोटे लेख छापू लागतं. ही नोंदणी जर्नल चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर, दोन जणांना सूचना जाईल अशी, आणि मिळेल तितक्या जास्त वर्षांसाठी करून ठेवावी.